पाखाडीवरच्या काकी

"छान म्हणजे काय?" असं काकींनी विचारलं आणि रत्नागिरीतल्या माझ्या पहिल्याच सकाळी माझी फजिती झाली.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून नुकतीच लागले होते. गाव सांगलीकडचं, वय बावीस, समुद्र आयुष्यात पाहिलेला नव्हता. आदल्या संध्याकाळी काकींच्या मागच्या पडवीतली खोली भाड्याने घेतली, ट्रंक ठेवली, आणि सकाळी उठल्या उठल्या समुद्राकडे धावले. अर्धा तास खुळ्यासारखी उभी राहून परत आले, तर काकी घरासमोर लोखंडी घडीची खुर्ची टाकून बसलेल्या.

"कसा आहे समुद्र?" त्यांनी विचारलं.

"छान आहे."

"छान म्हणजे काय? पातेलं छान असतं. पाणी कुठवर आलंय? रंग कसला आहे? आवाज मोठा आहे की नुसती धुसफुस?"

मला एकाचंही उत्तर देता येईना. काकींनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "उद्या नीट बघून ये हो."

काकींचं घर रत्नागिरीच्या किनाऱ्यालगत, उंचवट्यावर होतं. घराच्या अगदी कडेने चिऱ्याच्या पायऱ्यांची एक अरुंद वाट खाली उतरायची. अशा वाटेला तिकडे पाखाडी म्हणतात. दोन्ही बाजूंना दगडी गडगे, गडग्यांपलीकडे माडांचं आगर, आणि पायऱ्या संपल्या की थेट पुळण, म्हणजे समुद्राकाठची वाळू. वाडीतली सगळी माणसं समुद्रावर जायची ती याच वाटेने, आणि परत येताना प्रत्येकाला काकींच्या खुर्चीसमोरून जावं लागायचं. कुणी मासळीची पाटी घेऊन, कुणी जाळं खांद्यावर टाकून, कुणी नुसताच पाय मोकळे करून. काकी प्रत्येकाला तोच प्रश्न विचारायच्या. आठवडाभरात मीही शिकले. "आज पाणी खडकाच्या मागे गेलंय, काळसर आहे, आणि मधेच एक मोठी लाट येते," असं मी सांगितलं त्या दिवशी काकींनी मला खुर्चीशेजारच्या पायरीवर बसवून घावन खायला घातलं.

मजा म्हणजे या बाई स्वतः समुद्रावर कधी जात नसत. घरापासून पाच मिनिटांचं अंतर. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "लग्न होऊन आले तेव्हा एकदा गेले होते. बघितला. आहे."

"मग पुन्हा का नाही गेलात?"

"वाळू गो. पायाला लागते आणि तीन दिवस घरभर होते."

याहून दुसरं कारण नव्हतं. मला सुरुवातीला वाटायचं की यामागे काहीतरी दुःखाची गोष्ट असेल. मी आडून आडून येसूला विचारलं. येसू रोज होडीवरून मासळी घेऊन बाजारात जाणारी, काकींची सगळ्यात जुनी मैत्रीण. ती हसत सुटली. "दुःख कसलं? त्यांना केर काढायचा कंटाळा!"

काकींचे यजमान मी जाण्याआधी बऱ्याच वर्षांपूर्वी वारले होते. मुलगा मुंबईला गिरणीत, मुलगी खेडला दिलेली. घरात काकी, मी, आणि रेडिओ. रेडिओशी काकी बोलत. बातम्या देणारा नमस्कार म्हणाला की काकी स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "नमस्कार. सांगा." मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये, असा इशारा लागला की म्हणायच्या, "मेल्या, येसूनं मला पहाटेच सांगितलंन. तू आत्ता उठलास." दुपारचं जेवण त्या सकाळी साडेनऊला जेवत आणि कुणी हटकलं तर म्हणत, "भूक घड्याळ बघून लागते का तुम्हाला?" त्यांच्याकडे एक हिरवं लुगडं होतं, ते फक्त सरकारी कामाला नेसायचं. त्याचं नावच कचेरीचं लुगडं. मी राहायला गेले तेव्हा ते अनेक वर्षं ट्रंकेतून बाहेर आलेलं नव्हतं.

ते बाहेर आलं माझ्या तिसऱ्या वर्षी.

पाखाडीच्या दोन्ही बाजूंचं आगर मुंबईच्या एका गृहस्थांनी विकत घेतलं. तिथे त्यांनी बंगला बांधला. वाडीत त्यांना सगळे बंगलेवाले म्हणत. दिवाळीनंतर एका सकाळी मी नेहमीसारखी निघाले तर पाखाडीच्या तोंडाशी लोखंडी फाटक. फाटकाला कुलूप, कडेला काटेरी तार, आणि पाटी: खाजगी मालमत्ता, आत येण्यास मनाई. माझ्यामागे येसूचा नवरा जाळं घेऊन उभा, त्याच्यामागे चाचा. चाचा म्हणजे जहाजावरून निवृत्त झालेले खलाशी. गुडघे दुखायचे तरी रोज सकाळी खडकावर जाऊन बसायचे. आम्ही तिघंही त्या कुलपाकडे बघत राहिलो.

समुद्रावर जायला दुसरा रस्ता होता, पण तो बंदराकडून वळसा घालून, पाऊण तासाचा. येसूची मासळी बाजारात पोचायला उशीर व्हायला लागला. ती पोचेपर्यंत चांगली गिऱ्हाइकं परत गेलेली असत. चाचांनी दोन दिवस वळसा घातला, तिसऱ्या दिवशी घरीच बसले. आणि काकी रिकाम्या पाखाडीसमोर खुर्ची टाकून बसल्या. कुणी येईना, कुणी जाईना. तीन दिवस त्यांनी रेडिओला उत्तर दिलं नाही, तेव्हा मात्र मी घाबरले.

चौथ्या दिवशी त्यांनी खोबऱ्याच्या वड्या केल्या, डबा भरला, आणि मला म्हणाल्या, "चल. आधी नीट बोलून बघू."

बंगलेवाले वाईट नव्हते. पन्नाशीचे, स्वच्छ लेंगा-झब्ब्यातले. त्यांनी आम्हाला व्हरांड्यात बसवलं, वडी खाल्ली, चांगली झाली आहे म्हणाले. मग म्हणाले, "मावशी, मी सगळं आयुष्य गोंगाटात काढलं. इथे शांतता हवी म्हणून आलो. दलालाने मला सांगितलं, या पायऱ्या बागेतल्याच आहेत, वाट वगैरे काही नाही. पण तुमचं वय बघता मी असं करतो, तुम्हाला एक किल्ली देतो. तुम्ही कधीही जा."

"मला कशाला किल्ली?" काकी म्हणाल्या. "मी समुद्रावर जातच नाही."

बंगलेवाले गोंधळले. "मग तुमची तक्रार काय आहे?"

"जाणारे आहेत ना. किती जणांना किल्ल्या देणार? आणि रस्त्याने येणारा कुणी परका असेल, त्याची किल्ली कुणाकडे ठेवायची? वाटेला किल्ली नसते हो."

ते हसले, पण फाटक काही उघडलं नाही.  घरी आल्यावर काकींनी ट्रंक उघडली, हिरवं लुगडं काढून उन्हात टाकलं आणि मला म्हणाल्या, "कागद आण. मामलेदाराला अर्ज लिहायचा."

मी बसले. काकींनी सांगितलं: "साहेबांस नमस्कार. आमची वाट गेली आहे. ती परत द्यावी. कळावे."

"एवढंच?"

"आणखी काय लिहायचं? वाट कशाला लागते ते साहेबाला माहीत नाही?"

मी त्यांचं न ऐकता दोन पानं लिहिली. वाट किती जुनी, कोण कोण वापरतं, फाटक कधी लागलं, सगळं. वाडीतल्या लोकांनी सह्या केल्या, काहींनी अंगठे उठवले. काकींनी माझी दोन पानं वाचली आणि शेवटी स्वतःच्या हाताने मोठ्या अक्षरात लिहिलं, "आमची वाट गेली आहे. ती परत द्यावी." कचेरीतल्या कारकुनाने अर्ज उलटसुलट बघितला आणि सांगितलं की वाट अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज यावा लागतो, तुमचा वेळेत आहे. काकींनी ते सहा महिने असे लक्षात ठेवले की पुढे भाजी घ्यायला गेल्या तरी भाजीवालीला सांगायच्या, "सहा महिन्यांच्या आत हो, नाहीतर घोटाळा."

सुनावणीच्या दिवशी तहसीलदारांच्या, म्हणजे काकींच्या मामलेदाराच्या, खोलीत बसायला जागा नव्हती. अख्खी वाडी आली होती. तहसीलदार तरुण होते, आमच्या सांगलीकडच्यासारखं बोलायचे. बंगलेवाल्यांचे वकील काळा कोट घालून आलेले. त्यांनी काकींना पहिलाच प्रश्न विचारला, "आजी, तुम्ही या वाटेने समुद्रावर शेवटच्या कधी गेलात?"

"लग्न झालं त्या वर्षी."

खोलीत हसू पसरलं.  वकिलांनी तहसीलदारांकडे वळून मान डोलावली. "म्हणजे अर्जदार बाई स्वतः ही वाट वापरत नाहीत."

"नाही वापरत," काकी म्हणाल्या.

"मग फाटकामुळे तुमचं नुकसान काय झालं?"

 काकी वकिलांना सोडून थेट तहसीलदारांशी बोलल्या. "साहेब, मी त्या वाटेच्या तोंडाशी बसते. येणारा प्रत्येक जण मला समुद्र सांगून जातो. भरती कधी, मासा कसला, वारा कुठला. मला दारात बसून सगळा समुद्र कळायचा. आता कुणी येतच नाही. या वाटेने मी जात नसेन, पण समुद्र माझ्याकडे येत होता. तो बंद झाला."

तहसीलदार हसू दाबत म्हणाले, "बरं, मग आज कसा आहे समुद्र?"

"तेच तर सांगते," काकी कळवळून म्हणाल्या. "मला कोण सांगणार?"

या वेळी कुणी हसलं नाही.

त्यानंतर मला उभं केलं.  वकिलांनी विचारलं, मी रोज या पायऱ्यांवरून जात होते याला पुरावा काय. मी काकींकडे बघितलं. त्या डोळ्यांनीच म्हणाल्या, नीट बघून आलीयस ना, मग सांग. मी म्हटलं, "पायऱ्या एकोणतीस आहेत. सतरावी हलते. तिच्यावर उजवीकडे पाय दिला तर माणूस पडतो, डावीकडे द्यावा लागतो." मागून तीन-चार जण एकदम म्हणाले, "बरोबर!" तहसीलदारांनी सगळ्यांना गप्प केलं आणि जाहीर केलं की ते स्वतः जागेवर येऊन पाहणी करतील.

पाहणीच्या सकाळी फाटक उघडलं गेलं, पण फक्त साहेबांसाठी. तहसीलदार पुढे, शिपाई कागद घेऊन मागे, मग बंगलेवाले आणि त्यांचे वकील, आणि आम्ही वाडीतले सगळे गडग्यावरून वाकून बघतोय. साहेब मोजत उतरायला लागले. पंधरा, सोळा. सगळी वाडी श्वास रोखून. सतराव्या पायरीवर त्यांनी मुद्दाम उजवीकडे पाय दिला, दगड करकरला, आणि शिपायाने धरलं नसतं तर साहेब आगरात गेले असते. गडग्यावर टाळ्या पडल्या. चाचांनी तर शीळ घातली.

पण वकील हुशार होते. ते म्हणाले, पायऱ्या आहेत हे आम्ही नाकारत नाही, त्या बागेच्या मालकाच्या पायऱ्या आहेत, शेजारपाजारचे कधी येत असतील तर ते मालकाच्या मेहेरबानीने. तहसीलदार विचारात पडले. त्यांची नजर पायऱ्यांच्या कडेला असलेल्या एका उंच, उभ्या दगडावर गेली. माणसाच्या खांद्याएवढा, वर सपाट चिरा बसवलेला.

"हे काय आहे?"

"बागेत दिवा ठेवायला असेल," बंगलेवाले म्हणाले.

तेवढ्यात खालून येसू आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. फाटक उघडलंय हे तिला पुळणीवरून दिसलं होतं, आणि कित्येक महिन्यांनी जवळची वाट मिळाली म्हणून ती पाटी डोक्यावर घेऊन सरळ वर चढून आली होती. पाटी बांगडा मासळीने भरलेली, पाणी गळत होतं. एवढी माणसं बघून ती थबकली, "जरा थांबा हां" म्हणाली, त्या दगडाकडे पाठ केली, मागे न बघता दोन पावलं मागे सरली, गुडघ्यात किंचित वाकली, आणि डोक्यावरची पाटी बरोबर त्या सपाट चिऱ्यावर उतरवली. हात लावायला कुणाची गरज लागली नाही. मग पदराने तोंड पुसत म्हणाली, "काय झालं? कुणी पडलं काय?"

 तहसीलदार त्या दगडाजवळ गेले. येसूने पाटी बाजूला केली. चिऱ्याचा वरचा भाग काचेसारखा गुळगुळीत झालेला होता, मधोमध थोडा खोलगट. येसू म्हणाली, "माझी सासू इथंच टेकवायची. तिची सासूपण."

बंगलेवाले पुढे झाले. त्यांनी त्या खोलगट भागावरून तळहात फिरवला, मग पुन्हा एकदा फिरवला. वकील काहीतरी बोलणार तर त्यांनी हातानेच थांबवलं. "खरंच दिवा नव्हे हा," ते हळूच म्हणाले. मग वर गडग्यापलीकडे उभ्या असलेल्या काकींकडे बघून म्हणाले, "मला घेताना कुणी सांगितलं नाही हो."

"आता कळलं ना?" काकी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग अजिबात नव्हता.

निकाल महिन्याभराने आला. वाट वहिवाटीची आहे, फाटक काढावं, पुन्हा अडथळा करू नये. ज्या दिवशी फाटक काढायचं त्या दिवशी बंगलेवाले स्वतः किल्ली घेऊन आले, पण खाऱ्या हवेने कुलूप असं गंजलं होतं की किल्ली फिरेना. शिपाई झटला, येसूचा नवरा झटला. काकींनी घरातून खोबरेल आणून ओतलं. शेवटी चाचा म्हणाले, "जहाजावर असं झालं तर एकच दवा," आणि हातोड्याने कुलूप फोडलं. सगळ्यांत मोठ्याने बंगलेवालेच हसले.

मग वाडी खाली धावली. म्हातारे, पोरं, बाया, कुत्रीसुद्धा. मी काकींचा हात धरून म्हटलं, "आज तरी चला." त्यांनी हात सोडवून घेतला. "मी कशाला? वाट उघडी झाली ना? झालं तर. घावनाचं पीठ आंबून जाईल." आणि त्या चुलीपुढे बसल्या. तासाभराने माणसं परत यायला लागली, तेव्हा गरम घावन आणि खोबऱ्याची चटणी तयार होती, आणि काकी खुर्चीवर. सगळे एकदम बोलत होते. लाटा, खेकडे, पाणी, वारा. काकी ओरडल्या, "एकेकाने सांगा रे! मला इतक्या महिन्यांचा समुद्र ऐकायचाय!"

बंगलेवाले सगळ्यांच्या शेवटी आले. पायजम्याच्या कडा भिजलेल्या. काकींनी त्यांनाही विचारलं. ते छान आहे म्हणाले नाहीत, एवढं मला आठवतं. ते चांगली दहा मिनिटं बोलले, आणि काकींनी त्यांना दोन घावन जास्त वाढले. पुढे ते रोज संध्याकाळी त्यांच्या व्हरांड्यातून येणाऱ्या-जाणाऱ्यांशी गप्पा मारायला लागले. त्यांना हवी होती ती शांतता त्यांनी कधी पुन्हा मागितली नाही.

या सगळ्यामुळे काकींचं नाव झालं. दुसऱ्या वर्षी एका सकाळी खाडीपलीकडच्या गावातले दोघे जण आमच्या दारात आले. चपला बाहेर काढून अदबीने उभे राहिले. "काकी, आमच्या गावात पण एकाने समुद्राची वाट अडवलीन."

"कधी?"

"झाले की पाच महिने. वर सव्वीस दिवस."

काकींनी बोटांवर हिशेब केला आणि त्यांचा चेहरा बदलला. "अर्ज केलात?"

"अजून नाय. बैठक घेऊ म्हणतात."

"मेल्यांनो, चारच दिवस राहिलेत!" काकी खुर्चीवरून उठल्याच. "आधी वाट बघायला हवी. वाटेवर काय काय आहे ते बघितल्याशिवाय अर्जात लिहिणार काय? थांबा, लुगडं बदलून येते."

त्या गावाची वाट पुढे दीड वर्षाने मोकळी झाली. काकी त्यासाठी किती खेपा गेल्या ते मला माहीत नाही, कारण तोवर माझी बदली होऊन मी सांगलीला परत गेले होते. पण ती पहिली सकाळ मी डोळ्यांनी पाहिली. त्या दिवशी माझी दुपारची ड्यूटी होती, म्हणून त्यांना सोडायला एसटी स्टँडवर गेले. गाडी फलाटाला लागलेली होती. ड्रायव्हर आणि कंडक्टर कॅंटीनमध्ये. काकी गाडीत बसल्या नाहीत. हिरवं लुगडं सावरत तडक कॅंटीनमध्ये शिरल्या.

"गाडी तुमची का?"

"होय आजी," ड्रायव्हर म्हणाला.

"मग काढा. मुदत संपतेय."

"कसली मुदत?"

"वाटेची. चार दिवस राहिलेत. चहा काय, उद्यापण मिळेल."

ड्रायव्हरने त्यांच्याकडे बघितलं. काय समजला कोण जाणे, अर्धा ग्लास तसाच ठेवला आणि उठला. काकी पुढच्या सीटवर बसल्या, ते दोघे गावकरी मागे. मी स्टँडवरच्या घड्याळाकडे बघितलं. मी चार वर्षांत एकदाही वेळेवर सुटलेली न पाहिलेली ती गाडी त्या दिवशी वेळेच्या सात मिनिटं आधी निघाली, आणि तिच्यामागे तिकिटांची पेटी बगलेत मारून कंडक्टर आणि दोन उतारू जिवाच्या आकांताने धावत होते.